फुंकरीची पेशी

मंगळवारी भर दुपारी निंबगव्हाणच्या मरीआईपुढे सगळं गाव लोटलं होतं. कर्जतच्या आठवडे बाजारातही एवढी माणसं एका जागी दिसत नाहीत. बाया डावीकडे, बाप्ये उजवीकडे आणि मधे गोणपाटावर उघडेबंब बसलेले मच्छिंद्रबुवा. बुवांपुढे चौरंग. चौरंगावर खणात गुंडाळलेल्या दोन बाटल्या, एक हिरव्या खणात, एक लाल खणात. शेजारी काचेचे पेले आणि पपईच्या पानांचे पोकळ देठ. बाटल्यांतून पेल्यात पडत होतं ते लालभडक पाणी म्हणजे मरीआईचं रक्त, असं बुवांचं म्हणणं होतं.

"आई सोता बोलत न्हाई," बुवा डोळे मिटून सांगत होते. "आईला माध्यम लागतं. मी माध्यम, आन् हे रगत बी माध्यम. खऱ्या मानसानं देठातून पाच फुंका मारल्या तर रगत लालच ऱ्हाईल. ज्यानं करनी केली त्याचा श्वास लागला, की रगत पिवळं पडल. आई कुनाचं तोंड बघत न्हाई. फकस्त श्वास बघती."

"मरीआईच्या नावानं," पुढच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं.

"चांगभलं," गाव म्हणालं.

या प्रकाराला बुवांनी नाव ठेवलं होतं पेशी. आमच्याकडे कोर्टात हजर राहायच्या तारखेला पेशी म्हणतात. देवीच्या दरबारात उभं राहायचं, फुंकायचं आणि निकाल घ्यायचा, म्हणून ही पेशी. मला त्या शब्दाचं हसू आलं, कारण पुण्याजवळच्या एका लसीच्या कारखान्यात मी नऊ वर्षं पेशीच सांभाळते. पण त्या वेगळ्या. त्या जनावरांच्या अंगातून काढलेल्या, बाटलीत वाढवलेल्या, भिंगाखाली दिसणाऱ्या. गौरींसाठी रजा काढून मी त्याच दुपारी एसटीतून उतरले होते आणि पिशवी खांद्यावरच ठेवून गर्दीत शिरले होते. हसू फार वेळ टिकलं नाही.

गावावर आलेलं संकट मात्र खोटं नव्हतं. तीन आठवड्यांत लंपी या गुरांच्या रोगानं सतरा जनावरं मेली होती. अंगावर गाठी, पाय सुजलेले, तोंडातून लाळ, आणि आठव्या-दहाव्या दिवशी गाय आडवी. जेसीबीनं खड्डे खणून पुरायची. पोळ्याला लोकांनी मातीचे बैल पुजले. आमच्या भावकीतल्या ज्ञानेश्वरच्या तिन्ही गाई एकाच आठवड्यात गेल्या. आणि त्याच्या बांधाला लागून असलेल्या गोठ्यात माझ्या आत्याच्या चार गाई उभ्या राहून रवंथ करत होत्या.

माझी आत्या लंकाबाई. नवऱ्यानं टाकली म्हणून विसाव्या वर्षी माहेरी आली. पुढे माझी आई गेली आणि आत्यानंच मला वाढवलं. लंपीची बातमी आली तेव्हा मी तिला फोनवर सांगितलं होतं, जनावरांचे डॉक्टर लस घेऊन येतील, चारही गाईंना टोचून घे. बाकीच्या गावानं डॉक्टरांना वेशीवरूनच परत पाठवलं, कारण लस टोचली की दूध आटतं असं कुणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं. आत्यानं टोचून घेतली. तिच्या गाई जगल्या. आता गावाचा हिशेब सरळ होता: सगळ्यांच्या मेल्या आणि हिच्याच जगल्या, म्हणजे हिनंच मारल्या.

बुवांना काही शोधावं लागत नाही. बोट गाव दाखवतं, बुवा फक्त रंग देतात.

पहिली पेशी ज्ञानेश्वरची झाली. बुवांनी हिरव्या खणातली बाटली उचलली, पेला भरला. ज्ञानेश्वरनं गाल फुगवून पाच फुंका मारल्या, बुडबुडे आले, पाणी लालच राहिलं. मग त्याची आई साळूबाई. तेही लाल. मग सरपंचांचा भाऊ, मग दोन सुना. प्रत्येक वेळी चांगभलं. मी मात्र बुवांच्या हाताकडे बघत होते. बाटलीचं झाकण काढल्यावर ते त्यांनी चौरंगावर ठेवलं नाही. उजव्या हाताच्या करंगळीत दुमडून धरलं, बाटली तिरकी केली, आणि ओतताना दुसरा हात बाटलीच्या तोंडावरून एकदाही जाऊ दिला नाही.

ही सवय देवळात लागत नाही. ही आमच्या खोलीत लागते. झाकण टेबलावर ठेवलं की त्याला जंतू लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून ते करंगळीत धरायला शिकवतात. पहिल्या महिन्यात करंगळी इतकी दुखते की भाकरी मोडता येत नाही. मी त्या लाल पाण्याकडे पुन्हा पाहिलं, आणि तो रंग ओळखला. तो मी रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बघते.

तेवढ्यात बुवा म्हणाले, "लंका. फुडं ये."

आत्या पुढे आली. पदर खोचलेला, हाताला शेणाचा वास, मला बघून तिनं नुसती मान हलवली. बुवांनी या वेळी लाल खणातली बाटली उचलली. आत्यानं देठ तोंडात धरला. पहिल्या फुंकीला काही झालं नाही. दुसरीला लाल पाणी नारिंगी झालं. चौथ्या फुंकीला पेला हळदीच्या पाण्यासारखा पिवळा झाला, आणि आत्याच्या तोंडातून देठ गळून पडला.

आधी नुसता एक सुस्कारा गर्दीतून गेला. मग ज्ञानेश्वर उठला, आत्याच्या अंबाड्यात हात घातला आणि तिला ओढत लिंबाच्या झाडाकडे नेलं.

"आत्या, कबूल हो," तो म्हणत होता. लहानपणापासून तो तिला आत्याच म्हणत आलाय. "कुटं पुरलीस करनी? बोल. कुटं पुरलीस?"

"न्हाई रं ज्ञानू. म्या काय बी न्हाई केलं."

त्यानं तिला गुरांच्या कासऱ्यानं झाडाला बांधलं. दुसऱ्या कासऱ्याला गाठ मारली आणि त्या गाठीनं तिला मारायला सुरुवात केली. पाठीवर, मांड्यांवर, तोंडावर. मग आणखी दोघे आले. मग बाया आल्या. जिच्या बाळंतपणात आत्यानं तीन महिने शेक-शेगडी केली होती, त्या बाईनं तिच्या तोंडात शेण कोंबलं. मी धावले. "हे रगत न्हाई, मी ओळखते ह्याला, मी रोज बनवते," एवढंच मी बोलले असेन. कुणाचा तरी पायताण धरलेला हात माझ्या तोंडावर बसला. खालचा एक दात तुटला आणि मी गुडघ्यावर पडले. बोलताना तोंडातून रक्त येत होतं. ते खरं रक्त होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"थांबा," बुवा हात वर करून म्हणाले. "आईचा नेम हाय. तीन पेश्या. तिन्ही बारीला पिवळं आलं, तर धुनी. धुनीत हात घातला की करनी आपसुक भाईर पडती."

धुनी म्हणजे देवळामागे पेटलेले निखारे. ढीगभर बाभळीची लाकडं सकाळपासूनच जळत होती. म्हणजे निकाल सकाळीच लागला होता, पेशी नंतर सुरू झाली.

पोलीस पाटील सुनील गर्दीच्या मागे रुमालानं मान पुसत उभा होता. मी त्याला हाताला धरून बाजूला नेलं.

"सुनीलदादा, मरंल ती. कायतरी कर."

"देवाचं काम हाय, मोनिका. ह्यात मी पडलो तर उद्या माझ्या बी घरावर दगडं येतील."

"आन् ती मेली तर?"

"मेली तर मग माझं काम," तो म्हणाला. तो हे चिडून म्हणाला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं.

पोलिसांना मीच फोन लावला. गाडी यायला तासभर लागणार होता. दुसरी पेशी माझ्या डोळ्यांदेखत झाली. आत्याचा ओठ फाटला होता, देठ धरता येईना, तर ज्ञानेश्वरनं तिचा जबडा दाबून तो धरवला. लाल खणातली बाटली, पाच फुंका, पिवळं. या वेळी फाळ काढलेल्या औताच्या दांड्यानं कुणीतरी तिच्या उजव्या हातावर मारलं आणि हाड मोडल्याचा आवाज आला. आत्या किंचाळली नाही. तिनं फक्त "आई" म्हटलं, आणि ती मरीआईला म्हणाली की माझ्या आजीला, ते मला अजून कळलेलं नाही.

तासभर वाट बघून चालणार नव्हतं. तिसरी पेशी लगेच होणार होती. मी देवळाच्या मागच्या बाजूला गेले. तिथं बुवांची जीप उभी होती. मागच्या सीटवर पत्र्याची पेटी, पेटीत कोळशाची राख, कवड्या, एक वेताची छडी आणि आठ-दहा बाटल्या. लेबलं खरवडलेली होती, पण खरवडणारा आळशी होता. एकीवर अर्धं नाव राहिलं होतं, हँक्स. दुसरीवर अर्ल. मी तिथंच जीपच्या पाट्यावर बसले. आणि मला सगळं समजलं.

वाचकांनी इथं माझं दोन मिनिटं ऐकावं. झाडाखाली आत्या बांधलेली आहे हे मी विसरलेले नाही, पण हे समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

अंगातली पेशी बाहेर काढून बाटलीत वाढवायची तर तिला तिथं जेवण लागतं. साखर, मीठ, जीवनसत्त्वं, प्रथिनांचे बारीक घटक, सगळं मोजून विरघळवलेलं पाणी. त्याला आम्ही मीडियम म्हणतो. मराठी पुस्तकात त्याला माध्यम असंच लिहितात, म्हणजे त्या एका शब्दापुरते बुवा खरं बोलले होते. ही पेशी फार नखरेल असते. मीडियम थोडं आंबट झालं की मरते, उलट बाजूला गेलं तरी मरते. म्हणून त्यात इशाऱ्यासाठी एक रंग घालतात. ठीक असलं की लाल, आंबट झालं की पिवळा, चुन्याच्या बाजूला झुकलं की जांभळा. आता, आपल्या श्वासातून जो वायू बाहेर पडतो तोच सोड्याच्या बाटलीत फसफसतो. तो पाण्यात विरघळला की पाणी आंबट होतं. ते आवरायला मीडियममध्ये चक्क खायचा सोडा घालतात, आणि खरी निवड इथंच असते. पेशी ज्या बंद कपाटात वाढतात त्यात तो वायू मुद्दाम सोडलेला असतो, शंभरात पाच भाग, माणसाच्या उच्छ्वासात असतो जवळपास तेवढाच. त्या कपाटात ठेवायचं मीडियम अर्लच्या मिठांचं, त्यात सोडा भरपूर. ते वायू पचवतं आणि लालच राहतं. उघड्या टेबलावर वापरायचं हँक्सच्या मिठांचं, त्यात सोडा अगदी थोडा. त्याला तो वायू लागला की ते पिवळं पडतं. बाटलीत दोन्ही सारखीच लाल. वरून बघून ब्रह्मदेवालाही फरक कळायचा नाही.

मला तो फरक चांगलाच माहीत होता, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी मी टेबलावरचं मीडियम कपाटात ठेवलं होतं. सकाळी दार उघडलं तर बत्तीस बाटल्या पिवळ्या आणि आतल्या पेशी मेलेल्या. आमच्या विजया मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मोनिका, पेशींचा काही दोष नव्हता. निवड तुझी चुकली." मी तीन दिवस जेवले नव्हते.

इथं निवड चुकलेली नव्हती. इथं ती जाणूनबुजून केलेली होती. हिरवा खण म्हणजे भरपूर सोडा, ज्याला सोडायचं त्याच्यासाठी. लाल खण म्हणजे थोडा सोडा, ज्याला मारायचं त्याच्यासाठी. आणि जिला या पाण्यानं चेटकीण ठरवलं, तिच्या गाई ज्या लसीमुळे वाचल्या, त्या लसीचा विषाणू असल्याच पाण्यात वाढलेल्या पेशींवर तयार होतो. हे आठवलं तेव्हा मला इतका राग आला की तुटलेल्या दाताची कळ थांबली.

मी परत आले तेव्हा आत्याचा मोडका हात लोंबत होता आणि बुवा लाल खणाची बाटली उचलत होते. वाद घालून उपयोग नाही हे मला पायताणानं शिकवलं होतं. मी पदरानं तोंड पुसलं आणि बुवांपुढे हात जोडले.

"बुवा, एकच मागनं हाय. आई न्यायाची हाय ना?"

"हाय."

"मग जो मारतो त्यानं बी ह्याच बाटलीतलं फुंकावं. आईपुढं मारनारा बी सच्चा पायजे."

"त्याची पेशी झाली," बुवा म्हणाले. "आईला दोनदा तरास द्यायचा न्हाई."

"आत्याला तीनदा देताय की."

गर्दीत कुणीतरी हसलं. ज्ञानेश्वरला ते हसणं झोंबलं. "फुंकतो की," तो म्हणाला, "मला काय भ्या हाय? दे इकडं."

बुवांनी बाटली छातीशी धरली, पण मी ती ओढून घेतली. झाकण काढलं आणि न ठरवताच करंगळीत दुमडलं. बाटली तिरकी करून पेला भरला. बुवांची नजर माझ्या करंगळीवर गेली आणि तिथंच राहिली. मग ते माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखलं होतं. त्यानंतर ते फक्त जीपच्या दिशेला किती माणसं उभी आहेत ते बघत राहिले.

ज्ञानेश्वरनं गाल फुगवले. दोन फुंका, नारिंगी. चार फुंका, पिवळं.

त्यानं पेला खाली ठेवला आणि स्वतःच्या हाताकडे बघितलं. "ह्ये कसं?" तो हळूच म्हणाला.

मला वाटलं होतं, आता लोक हसतील, समजतील, दोर सोडतील. मी मूर्ख होते. मागून एक आवाज आला, "ज्ञान्यानंच केली." दुसरा म्हणाला, "सोताच्या गाई मारून दुसऱ्यावर घालतो काय?" आणि जे हात आत्यावर पडत होते तेच हात त्याच्यावर पडले. कासरा त्याच्या गळ्यात गेला. औताच्या दांड्यानं त्याच्या गुडघ्यावर घाव बसला. साळूबाई "माझं लेकरू, माझं लेकरू" करत मधे घुसली, तर तिलाही ढकलून दिलं. दोघांनी ज्ञानेश्वरला पाय धरून धुनीकडे ओढायला सुरुवात केली. त्याचं डोकं दगडावर आपटत चाललं होतं.

खरं सांगते, मी क्षणभर उभी राहिले. ज्या माणसानं माझ्या आत्याचा जबडा दाबला होता तो निखाऱ्यांकडे चालला होता, आणि मला ते बघवत होतं. मग झाडाला बांधलेली आत्या म्हणाली, "मोने, त्याला सोडव गं." तिला एवढंच बोलता आलं.

मी तो पिवळा पेला घेऊन त्यांच्या आडवी गेले आणि ज्ञानेश्वरच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. प्रत्येक तंबाखू खाणाऱ्याच्या खिशात असते ती चुन्याची डबी काढली. नखावर चुना घेतला आणि पेल्यात ढवळला. पिवळं पाणी लाल झालं. आणखी थोडा घातला, तर जांभळं.

"बघा," मी म्हणाले. "ह्याचं पाप फिटलं. किती लागलं फेडायला? नखभर चुना."

पाय धरणारे थांबले. जवळच्या चार माणसांनी पेल्यात वाकून बघितलं. मी हिरव्या खणातली बाटली मागवली, आणि सुनीलला म्हणाले, "सोड्याच्या गाड्यावरनं एक गोटी सोडा आन. एवढं तरी कर." त्यानं आणला. हिरव्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतलं, गोटी दाबली आणि त्यात घोटभर सोडावॉटर घातलं; फुंकरीत असतो त्याच्या कितीतरी पट वायू त्यात भरलेला असतो. ते निर्दोष, पुण्यवान, सरपंचांच्या भावाला सोडून देणारं रक्त क्षणात पिवळं पडलं.

"ह्यात कुनी फुंकलं न्हाई," मी म्हणाले. "आता काय सोड्याच्या बाटलीनं करनी केली? तिला बांधायची का लिंबाला?"

मग मी सगळं सांगितलं. वर तुम्हाला सांगितलं तसंच, फक्त सोप्या शब्दांत आणि तुटलेल्या दातानं. माणसाच्या श्वासात सोड्याचाच वायू असतो. लाल खणातलं पाणी त्यानं पिवळं होतं, मग फुंकणारा साधू असो की चोर. हिरव्या खणातलं होत नाही. मी स्वतः लाल खणातलं फुंकून दाखवलं, पिवळं. सुनीलला फुंकायला लावलं, पिवळं. साळूबाईनं रडत रडत फुंकलं, पिवळं. ज्या बाईनं आत्याच्या तोंडात शेण कोंबलं होतं ती पुढे यायला तयार होईना. तिला मी जबरदस्ती केली नाही. "बुवांनी आदी ठरवलं कुनाला मारायचं," मी म्हणाले, "मग बाटली निवडली. आन् बुवांना तरी कुनी सांगितलं? तुमीच सांगितलं. लंकाच्या गाई जगल्या म्हनून रोज पारावर कोन बोलत हुतं? तिच्या गाई जगल्या, कारन तिनं लस टोचली. तुमी डॉक्टरला वेशीवरनं पळवून लावलं."

मग कुणीतरी बुवांच्या रिकाम्या गोणपाटाकडे बोट दाखवलं.

बुवा जीपपर्यंत पोचले होते, पण चावी लावायच्या आत त्यांना खाली ओढलं. मग काय झालं ते मी पूर्ण बघितलं, आणि ते मी लपवणार नाही. त्यांना कासऱ्यानं मारलं, त्याच गाठीनं. पेटीतली वेताची छडी त्यांच्याच पाठीवर मोडली. ते "आई, आई" करत होते, आणि या वेळी त्यांना माध्यम लागलं नाही. मी गप्प राहिले. मला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं आठवलं की आज मला माझीच शिसारी येते, पण त्या वेळी वाटत होतं. जेव्हा त्यांनाही धुनीकडे ओढायला लागले तेव्हा कुठे मी आणि सुनील मधे पडलो. सुनीलला दोन काठ्या बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा तो पोलीस पाटलासारखा वागला आणि मार खाऊनच वागला.

पोलीस आले तेव्हा तिघं जमिनीवर होते: दोर सोडून खाली निजवलेली आत्या, ज्ञानेश्वर आणि बुवा. तिघांचे कपडे रक्तानं सारखेच माखले होते. मच्छिंद्रबुवांचं पुढे जे निघालं ते साधं होतं. कुठल्याशा प्रयोगशाळेत दोन वर्षं मदतनीस होते, चोरीमुळे काढलं होतं. मुदत संपलेल्या बाटल्या भंगारातून घ्यायचे आणि लंपी गावोगाव पुढे सरकली की तिच्या मागोमाग जायचे. याआधी शेजारच्या तालुक्यातल्या दोन गावांत त्यांनी दोन बायांना पिवळं केलं होतं. त्यातल्या एकीनं नंतर विहीर जवळ केली. त्या बाईचं नाव आम्हाला कुणीही सांगितलं नाही. जादूटोणाविरोधी कायद्याखाली बुवांवर गुन्हा नोंदवला गेला, ज्ञानेश्वरवर आणि आणखी सात जणांवरही. गाव मला म्हणालं, बुवांवर ठीक आहे, आपल्या माणसांवर कशाला? मी म्हणाले, बुवांनी तर तिला हातही लावला नव्हता.

आत्याच्या हातात सळई घातली. डावा डोळा गेला. पाचव्या दिवशी दवाखान्यात तिला नीट बोलता यायला लागलं, तेव्हा तिनं नर्स बाहेर जायची वाट बघितली आणि मला जवळ बोलावलं.

"मोने, खरं सांगशील?"

"काय गं?"

"दुसऱ्या बारीला बी पिवळं झालं ना, तवा मला वाटलं, माझ्याच हातनं झालं आसंल. झोपेत केलं आसंल. एवडी मानसं खोटी कशी आसतील? म्या मनात कबूल झालते. अजून थोडं मारलं आसतं तर तोंडानं बी झाले आसते." तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "माझ्यानं न्हाई ना झालं?"

"न्हाई आत्या. तुझ्यानं न्हाई झालं."

"नक्की?"

"नक्की."

तिनं हे मला त्या दिवशी चार वेळा विचारलं. नंतरच्या आठवड्यातही विचारलं. अजूनही, दूध काढायला बसली आणि एका हातानं जमेना की मधेच विचारते. मी प्रत्येक वेळी सांगते. पण नुसतं माझं सांगणं तिला पुरत नाही, कारण तिला पिवळं करणारा बुवा एकटा नव्हता. ज्यांच्यासोबत ती पन्नास वर्षं जगली ती तीनशे माणसं त्याच्या मागे उभी होती.

ज्ञानेश्वर जामिनावर सुटला. मी त्याला माफ केलेलं नाही. आत्यानं केलंय की नाही, ते मी विचारत नाही. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे, आणि हे देवावर विश्वास असणाऱ्यांना आणि नसणाऱ्यांना, दोघांनाही म्हणायचं आहे. तुमचा देव तुमच्याकडे ठेवा. पण कुणी तुम्हाला रंग दाखवून, लिंबू कापून, नारळ पेटवून सांगितलं की अमकी गुन्हेगार आहे, तर हात उचलायच्या आधी एक प्रश्न विचारा: हेच माझ्यावर करून बघू का? त्याच पेल्यात, त्याच बाटलीतलं, सगळ्यांसमोर. जो नाही म्हणेल तो चोर. आणि तुम्ही स्वतःच नाही म्हणालात, तर हातातली काठी खाली ठेवा, कारण जिला तुम्ही मारायला निघालात, तिला नाही म्हणायची संधी कुणी दिलेली नाही.